निवळशंख पाणी

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम सामसूम झालं. बायको म्हणाली, कुत्रं पाळू. मी दिवसभर नववीच्या दोन तुकड्यांपुढे विज्ञान ओरडणारा माणूस. संध्याकाळी आणखी कुणाचं भुंकणं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, मासे पाळू. मासे बोलत नाहीत, त्यांना फिरवून आणावं लागत नाही, ते पाहुण्यांच्या अंगावर धावून जात नाहीत. आणि त्यांना लागतं तरी काय? नुसतं पाणी!

हे वाक्य मी किल्लारीत, म्हणजे लातूर जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात बसून बोललो. तिथंच मला कुणीतरी अडवायला हवं होतं.

आमच्याकडे पाण्याबद्दल एकच प्रश्न असतो: आलं का? नळाला आलं का, बोअरला आलं का, टँकर आला का. पाणी मोजायची आमची मापं घागर, हंडा, बॅरल, टाकी. 2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, तेव्हा किती आलं हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. कसं आहे, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पाणी असतं किंवा नसतं. ते बरं किंवा वाईटही असू शकतं, आणि दिसायला निवळशंख असूनही आतून वाईट असू शकतं, हे शिकायला मला सतरा मासे लागले.

लातुरातल्या एका दुकानातून टाकी घेतली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबानं पन्नासेक लिटर. त्याच फेरीत मासेही घेतले, कारण दोनदा लातूरला कोण जाणार? सहा गप्पी, चार काळ्या मोली, दोन एंजल, चार निऑन टेट्रा. आणि एक सकर. दुकानदार म्हणाला, हा घाण खातो, टाकी आपोआप साफ राहते. मला तो लगेच आवडला. शाळेत असा एखादा शिपाई मिळावा म्हणून मी वीस वर्षं वाट बघतोय.

टाकी मागं जीपमध्ये पाठवली आणि मी माशांच्या पिशव्या मांडीवर घेऊन उमरग्याच्या एसटीत बसलो. औसा मागं पडेपर्यंत अर्धी गाडी माझ्या मांडीकडे बघत होती. कंडक्टरनं तिकीट फाडताना पिशव्यांकडे बघून विचारलं, "ह्येंचं हाफ काढायचं का?" लामजन्यापर्यंत हा विनोद गाडीत तीनदा फिरला.

घरी पहिला वाद जागेवरून. आमचं घर नव्या किल्लारीतलं, 1993च्या भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं. ज्याची जमीन जेवढी तेवढं घर, या नियमानं आमच्या वाट्याला साडेचारशे चौरस फूट आले. शेजारचे अण्णा वास्तुशास्त्राचे जाणकार. त्यांनी टाकीला ईशान्य कोपरा नेमून दिला. ईशान्येला आमची खिडकी आहे आणि सकाळचं सगळं ऊन तिथंच पडतं. मी टाकी उंच स्टँडवर ठेवणार होतो. आई म्हणाली, "उंचावर काई ठिवू नको." किल्लारीत या वाक्यावर वाद घालत नाहीत. टाकी बुटक्या चौरंगावर आली. माशांना घरातल्यांचे फक्त पाय दिसायचे.

बोअरचं पाणी भरलं, पंप लावला, बुडबुडे सुटले, मासे सोडले. पहिल्या संध्याकाळी गल्लीतली सगळी लेकरं आमच्या ओट्यावर. मी तासभर मत्स्यजीवनावर व्याख्यान दिलं. त्यातलं एकही वाक्य पुढं टिकलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं.

याचं एक कारण आज सांगता येतं, त्या वेळी घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी शाळेला जाताना मी चिमूटभर खाद्य टाकायचो. दुपारी बायको टाकायची, तिला वाटायचं मी घाईत विसरलो असेन. आणि आई? देवाच्या तळ्यातल्या माशांना लाह्या घातल्या की पुण्य लागतं, यावर तिची श्रद्धा. घरातच तळं आल्यावर ती ज्वारीच्या पिठाच्या बारीक गोळ्या वळून दिवसातून दोनदा पुण्य टाकायची. सतरा मासे, चार वेळचं जेवण, पन्नास लिटर पाणी. मासे खातील तेवढं खायचे, उरलेलं खड्यांत जाऊन कुजायचं. सकर घाण खातो म्हणून सांगितलं होतं. तो काय खायचा ते मला कळलं नाही, पण मागं टाकायचा ते काचेतून स्पष्ट दिसायचं. सगळ्या टाकीत मिळून जेवढी घाण होत होती, तिच्यात त्याचा वाटा सिंहाचा होता.

दुधाळ पाणी बघून आईनं तुरटी काढली. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, हे आमच्याकडे लहान पोरही जाणतं. मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून फक्त एवढं केलं, की घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली. तासाभरात पाणी निवळलं, तळाशी पांढरा साका बसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन निऑन त्या साक्यावर आडवे झालेले दिसले. पाणी मात्र निवळशंख.

मी ठरवलं, टाकीत घाण झालीय. रविवारी कंबर कसली. मासे बादलीत काढले. टाकी रिकामी केली, भांड्याच्या साबणानं काच घासली. फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट आणि बुळबुळीत झाला होता; तो साबणाच्या पाण्यात पिळून पिळून नव्यासारखा पिवळा केला. खडे मोठ्या पातेल्यात उकळले आणि गच्चीवर चादर अंथरून उन्हात वाळत घातले. खालून जाणाऱ्या एकानं विचारलं, "गुरुजी, वाळवण कशाचं म्हणायचं?" इतकी स्वच्छता आमच्या घरात दिवाळीलाही होत नाही.

योगायोगानं त्याच दिवशी नळाला पाणी आलं होतं. धरणाचं पाणी, आठवड्यानं आलेलं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं त्या दिवशी गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली होती. तोटी उघडताच जलतरण तलावासारखा वास आला. मला आनंदच झाला. म्हटलं, शुद्ध पाणी! टाकी काठोकाठ भरली, मासे सोडले. संध्याकाळपर्यंत उरलेले निऑन, दोन्ही एंजल आणि तीन गप्पी गेले.

मग मी चिडलो. म्हटलं, नळाचं नको, बोअरचं नको, पाहुण्यांना विकतचं पाजू. लग्नाकार्यात येतात तसले वीस लिटरचे दोन जार मागवले, आरओचं थंडगार पाणी, आणि जवळजवळ सगळं पाणी बदलून टाकलं. जार देणाऱ्या पोराला वाटलं आमच्याकडे कार्यक्रम आहे. त्यानं विचारलं, "ग्लास लागतेत का?" मोलींपैकी दोन त्याच रात्री गेल्या. आमच्या बोअरच्या जड पाण्यात मुरलेल्या माशाला एकदम आरओच्या पाण्यात टाकणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठवून निर्जळी एकादशीला बसवणं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि माशाच्या शरीरातल्या क्षारांचा तोल बाहेरच्या पाण्याशी बांधलेला असतो. हे मला तेव्हा कळलं नाही. मी जारवाल्याला दोष दिला. तोवर तुरटीला, पंपाला, ईशान्येला आणि बायकोला देऊन झाला होता.

तीन गप्पी, दोन मोली आणि सकर उरले. पुन्हा बोअरचं पाणी घातलं. आईनं पिठाच्या गोळ्या वाढवल्या. लेकरं अशक्त झालीयत म्हणाली.

आणि मग सप्टेंबरातली ती रात्र. गणपती बसलेले, हवा गच्च, पानही हलत नव्हतं. साडेदहाला लाईट गेली. पंख्याबरोबर टाकीतला हवेचा पंपही बंद पडला. बाराच्या सुमाराला आई पाणी प्यायला उठली. बॅटरीचा झोत टाकीवर पडला, आणि तिला दिसलं की सगळे मासे वर आलेत. पृष्ठभागाला तोंडं लावून, एकसारखी उघडझाप करत. सकर, जो दिवसभर तळाशी दगडासारखा पडलेला असायचा, तोही काचेवरून सरळ वर गेलेला.

आईनं हाक मारली नाही. गोधडी घेतली, उशी घेतली, बायकोला हलवलं आणि अंगणात जाऊन आडवी झाली.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं, ते विसर्जनाच्या रात्री झालं होतं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. त्यावर मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की या गावात कुणी गोधडी घेऊन बाहेर निघालं, तर का म्हणून विचारत नाहीत. अण्णा उठले. आईनं एका वाक्यात सांगितलं, "मासे वर आलेत." पंधरा मिनिटांत आमची अर्धी गल्ली अंगणात होती. कुणी खाटा काढल्या, कुणी पोरं उचलून आणली. जनावराला आधी कळतं, यावर सगळ्यांचं एकमत. जपानात जमिनीखालचा मोठा मासा हलला की भूकंप होतो अशी जुनी समजूत आहे, हे मी कधी तरी वर्गात सांगितलं होतं. त्या रात्री माझाच एक माजी विद्यार्थी ते मला समजावून सांगत होता.

काही हललं नाही. पहाटे दव पडलं. सात वाजता सगळे जांभया देत आत गेले, आणि मी टाकीजवळ गेलो. तिन्ही गप्पी आणि एक मोली मेलेली. अण्णा म्हणाले, "त्येंच्यावर गेलं बगा, गावावरचं." मी मान डोलावली. गाव वाचवण्याचं श्रेय माझ्या टाकीला मिळत असेल, तर नाकारणारा मी कोण?

खरं उत्तर आठवड्याभरानं मिळालं, आणि तेही माझ्याच तोंडून.

नववीचा तास होता. वीस वर्षं काढतोय तीच आकृती फळ्यावर काढत होतो: नायट्रोजन चक्र. प्राण्यांची विष्ठा आणि मृत अवशेष, त्यांच्यापासून अमोनिया, बाण. अमोनियाचं नायट्राइट; बाण. नायट्राइटचं नायट्रेट, बाण. हे काम जिवाणू करतात, मी म्हणालो, नायट्रोसोमोनास वगैरे, परीक्षेला येतं, अधोरेखित करा. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, हे जिवाणू राहतेत कुठं?"

"मातीत असतात, पाण्यात असतात. दगडा-खड्यांच्या पृष्ठभागावर थर करून राहतात."

"बुळबुळीत थर?"

"हो, बुळबुळीत."

ती थोडा वेळ थांबली. "मग सर, तुम्ही खडे उकळलेत तवा ते मेले असतील की."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. खडूचं टोक फळ्यावर टेकलेलं, आणि मी त्या तीन बाणांकडे बघत उभा. दरवर्षी दीडशे पोरांना मी हे शिकवलं. स्पंजवरची ती काळी बुळबुळ म्हणजे टाकीतला एकमेव कामाचा कर्मचारी होता, आणि मी त्याला आधी साबणानं आणि मग टीसीएलनं, दोनदा बडतर्फ केला होता.

ऑनलाइन तपासणी संच मागवला. छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग जुळवायचा. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी. माझी हिरवी झाली, पोपटाच्या पंखासारखी गर्द. बायको म्हणाली, "किती सुंदर रंग आलाय." पीएच 8.2. आता हे आकडे जोडून बघा. अमोनियाची दोन रूपं असतात, एक फारसं न बाधणारं, एक जहर. पाण्याचा पीएच एकानं वाढला की जहराचा वाटा जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. आमचं पाणी असं का? भूकंपानंतर हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं किल्लारीत खोल भोक घेतलं, तेव्हा काळा पाषाण 338 मीटरपर्यंत सलग लागला. बोअरचं पाणी त्या पाषाणाच्या भेगांत मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीवर पांढरे डाग पडतात आणि डाळ लवकर शिजत नाही, ती याचमुळं. म्हणजे जेवढा अमोनिया दुसरीकडे मासा कसाबसा सोसेल, तेवढाच किल्लारीत त्याला पृष्ठभागावर आणून श्वास मोजायला लावतो. त्यात लाईट गेलेली, हवेचा पंप बंद, पाणी कोमट आणि तळाशी आईचं पुण्य कुजत पडलेलं. मासे हवेसाठी वर आले होते. भूकंप त्यांच्या टाकीत झाला होता.

मग दीड महिना मी काहीच केलं नाही. म्हणजे जे केलं त्याला आमच्या घरी आळस म्हणतात. टाकी धुतली नाही. खड्यांना हात लावला नाही. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. डबा कुलपात, आणि किल्ली माझ्या जानव्याला नाही तरी चष्म्याच्या घरात. रोज टाकीतलं चौथाई पाणी काढायचं, आणि आदल्या दिवशी बादलीत बुडबुडे सोडून ठेवलेलं पाणी घालायचं, म्हणजे टीसीएलचा क्लोरीन उडून जातो. स्पंज पिळायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच. टाकी ईशान्येवरून हलवली, कारण उन्हानं काचेवर शेवाळ धरलं होतं. अण्णा आठवडाभर बोलले नाहीत.

पाणी फेकायला हात धजेना. रेल्वेनं पाणी आलेल्या जिल्ह्यात दारापुढं बादली ओतायची लाज वाटते. मग ते अंगणातल्या कढीपत्त्याला जायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात अमोनियाची हिरवाई उतरली, आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली. तेही विषच, पण आपलं शास्त्र पुढं सरकतंय म्हणून मी वर्गात पेढे वाटता वाटता राहिलो. सहाव्या आठवड्यात दोन्ही नळ्या जशा हव्यात तशा. उरला नायट्रेट. तो कढीपत्त्याला मिळत होता, आणि कढीपत्ता असा फोफावला की गल्लीतल्या फोडण्या आमच्यावर चालायला लागल्या.

टाकीत तेव्हा होते एक मोली आणि तो सकर. नवे मासे आणायला या वेळी लातूरला गेलो नाही. आमच्या जड पाण्यात खुशाल जगणारा मासा कोणता, हे शोधलं तर नाव निघालं गप्पीचं. तो हौदात सोडा म्हणून आरोग्य खातं कित्येक वर्षं भिंती रंगवतंय. डासांच्या अळ्या खातो, हिवताप-डेंगीला आळा बसतो. मी डबा घेऊन आरोग्य उपकेंद्रात गेलो. आरोग्यसेवक डब्याकडे बघत राहिले. म्हणाले, "गुरुजी, इथं कशाला आलाव? मागच्या पावसाळ्यात तुमच्याच शाळेच्या हौदात सोडलेत की."

शाळेचा हौद. हातपाय धुवायचा, सिमेंटचा, कडेनं हिरवंगार शेवाळ. पंप नाही, फिल्टर नाही, खाद्य नाही, ईशान्य नाही. मी त्याच्याशेजारून रोज दोनदा जातो. वाकून बघितलं तर शेकडो. पोरांनी गाळणीनं आठ काढून दिले, फुकट. मी म्हटलं, हौद अधूनमधून धूत जा रे. आणि लगेच जीभ चावली.

आठाचे आता सव्वीस झालेत. पाणी किंचित पिवळट दिसतं. पाहुणे म्हणतात, गुरुजी, पाणी बदला आता. आई रात्री निजायला जाताना बॅटरी मारून बघते. मासे तळाशी असले तर आत झोपते.

राहता राहिला सकर. सगळ्या संकटांतून तो एकटा सहीसलामत बाहेर आला. आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर झालाय, आणि हा पुढं हातभर होतो, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. टाकीत तो वळतो तेव्हा रिक्षा वळवल्यासारखा तीन दमांत वळतो. तेरणा नदीत सोडा म्हणून तिघांनी सुचवलं. सोडणार नाही. उजनीच्या धरणात अशाच कुणाकुणाच्या टाकीतले सकर गेले, माजले, आणि तिथल्या मासेमारांच्या जाळ्यांचं वाटोळं करतायत. तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे मोठी टाकी असेल, किमान चारशे-पाचशे लिटरची आणि दीड महिना न धुतलेली, तर त्यानं किल्लारीला यावं. मासा फुकट देईन. वर कढीपत्ताही.